सातवा रकाना

आक्का कधी चुकत नाही, असं सुवर्णा होनमाने गेली सहा वर्षं सगळ्या आरगडवाडीला सांगत आली होती. गावही ते मुकाट ऐकून घ्यायचं. उपकेंद्राच्या नर्सबाईच्या तोंडाला कोण लागणार, आणि त्यातून ही सिस्टर बोलायला भलतीच खमकी. अठ्ठेचाळीस वर्षांची, ठेंगणीठुसकी, बॅटरीच्या स्कूटीवरून चार वाड्या पालथ्या घालणारी. कुणाच्या घरात पाहुणे कधी आले नि कुणाची पाळी कधी चुकली, हे तिला घरच्यांच्या आधी ठाऊक.

आक्का ही मात्र कुणी बाई नव्हती. उपकेंद्राच्या टेबलावर पाटीएवढा एक पडदा होता आणि त्यातून एका पोक्त बाईचा आवाज बोलायचा. सरकारी कागदावर तिचं नाव ‘आरोग्यसंगती’. असलं नाव दिवसातून पन्नास वेळा कोण घेणार? नर्सबायकांनी पहिल्याच महिन्यात तिचं बारसं करून टाकलं. कुटुंबनियोजन, गरोदरपण, पाळीच्या तक्रारी, काहीही विचारा, आक्का जगभरचं संशोधन चाळून आणि राज्यातल्या चाळीस हजार नर्सबायकांच्या नोंदी ताडून तीन सेकंदांत उत्तर द्यायची. त्याआधी परिपत्रक यायचं, कपाटात जायचं, आणि शंका आली की एक सिस्टर दुसरीला फोन करायची. कुणाचं ऐकीव, कुणाचं अर्धवट. आक्का आली आणि तो घोळ मिटला. तिची खोड एकच. काहीही नोंदवायला घेतलं की ती विचारायची, “आधार?” म्हणजे हे कशावरून म्हणता? तपासणीचा आकडा किंवा फॉर्मचा रकाना सांगितला की गप्प बसायची.

मार्चमधल्या त्या मंगळवारी प्रतीक्षा कोळेकर आत आली ती थेट टेबलापाशी. वय एकोणतीस, दोन लेकरांची आई, द्राक्षबागांत मजुरीला जाणारी. बोटांची टोकं निळसर झालेली. मागे उंबऱ्यात तिची सासू छायाबाई पदर तोंडाला लावून उभी.

“सिस्टर, माझ्या कार्डावर तुम्ही काय लिहिलंय?”

“बस की आधी. पोटुशी बाई तू, अशी तरातरा काय चालतीस?”

“बसत नाही. काय लिहिलंय ते सांगा.”

सुवर्णानं कार्ड उघडलं. दहा दिवसांपूर्वी हीच पोरगी थकवा येतो म्हणून आली होती आणि तपासणीत चार महिने उलटून गेल्याचं निघालं होतं. दोघींनाही धक्का बसला होता, कारण प्रतीक्षाच्या दंडात तांदूळ होता.

तांदूळ म्हणजे गर्भ न राहण्याचं साधन. तांदळाच्या दाण्याएवढी एक कांडी दंडाच्या कातडीखाली सरकवायची. ती तीन वर्षं रक्तात थोडं थोडं हार्मोन सोडते आणि काम झालं की आपोआप विरघळून जाते, काढायची भानगड नाही. ती बसवली की पुष्कळ बायकांची पाळी थांबते किंवा अनियमित होते. त्यामुळे पाळी आली नाही तेव्हा प्रतीक्षाला वावगं वाटलंच नव्हतं. आणि सुवर्णानं त्या दिवशी जे नेहमी करत आली तेच केलं होतं. फॉर्मवर सातव्या रकान्यात खूण केली होती.

“साधन बसवण्यापूर्वीच गर्भधारणा,” सुवर्णानं वाचून दाखवलं.

“तांदूळ तुम्ही कोजागिरीला बसवलात,” प्रतीक्षा म्हणाली. “माझा नवरा घरी आला वसुबारसेला. म्हणजे बारा दिवसांनी. त्याच्या आधी तो सात महिने त्रिचूरला होता. तुम्ही लिहिलंय की पोर कोजागिरीच्या आधीचं. मग कुणाचं ते पण लिहा की.”

त्या मुलखात निम्म्या घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात. कुणी त्रिचूरला, कुणी मदुराईला, कुणी पार आसामात, सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देतात. वर्षातून एकदा, फार तर दोनदा गावी येतात. सूरज कोळेकर दिवाळीला आला होता आणि तुळशीचं लग्न लावून परत गेला होता. घरचं कार्ड त्याच्याही फोनवर दिसायचं. नोंद पडल्या दिवशी त्यानं ती वाचली, आणि तेव्हापासून बायकोचा फोन उचलला नव्हता.

“सोनोग्राफी केलीय ना?” सुवर्णानं चाचरत विचारलं.

“केली. एकोणीस आठवडे म्हणाले, पण दहा-बारा दिवस मागं-पुढं होऊ शकतं म्हणे.”

त्या दहा-बारा दिवसांतच पोरीचा सगळा संसार अडकला होता.

“आता रक्त तपासून बाप कळतो म्हनं,” छायाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. “मी म्हनते, दे की रक्त. खरी असशील तर भ्यायचं काय कारण?”

“देणार नाही,” प्रतीक्षा वळूनही न बघता म्हणाली. “मी चोरी केलेली नाही, तर झडती का देऊ? सिस्टर, मी त्या दिवशी तुम्हाला तारीख सांगितली होती. दिवाळी पाडव्याच्या आसपासचं आहे म्हणाले होते. तुम्ही ऐकलंत आणि दुसरंच लिहिलंत. हे किटाळ माझ्यावर तुम्ही आणलंय, तुम्हीच काढा.”

एवढं बोलून ती निघाली. सासू तिच्यामागे चार पावलं अंतर ठेवून चालत गेली, आणि ते अंतर सुवर्णाला उपकेंद्राच्या दारातून स्पष्ट दिसलं.

आता सातवा रकाना हे काय प्रकरण होतं, ते सांगितलं पाहिजे. साधन असूनही गर्भ राहिला तर फॉर्मवर दोन वाटा होत्या. सहावा रकाना म्हणजे ‘साधन निकामी’. तो भरला की बत्तीस प्रश्न उघडायचे, बाईला तीनदा जिल्ह्याला जावं लागायचं, आणि कांडी नीट बसवली होती का म्हणून नर्सबाईला नोटीस यायची. सातवा रकाना म्हणजे बसवण्याआधीच दिवस गेलेले असणार. लघवीच्या तपासणीत पहिल्या आठ-दहा दिवसांचा गर्भ दिसत नाही, त्यामुळे हे कुणालाही पटण्याजोगं. एक खूण केली की संपलं. सुवर्णा नोकरीला नवी असताना एका जुन्या सिस्टरनं तिला शिकवलं होतं, सहावा उघडत जाऊ नकोस गं, पोरीला उगाच हेलपाटे आणि आपल्याला ताप. आक्का आल्यावरही सल्ला तोच राहिला. त्यात लबाडी होती तितकीच माया पण होती, आणि म्हणूनच कुणाला टोचत नव्हतं.

सुवर्णानं दार लोटून घेतलं आणि पडद्यासमोर बसली.

“आक्का, तांदूळ निकामी होतो का?”

“अत्यंत क्वचित,” आक्का म्हणाली. “राज्यातल्या सहा लाख स्त्रियांमध्ये अकरा घटना. तुमच्या तालुक्यात शून्य.”

“एखादीला तांदूळ असताना दिवस गेले, तर?”

“आधीच गर्भधारणा झालेली असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.”

सहा वर्षांत सुवर्णानं आक्काला हजारो प्रश्न विचारले होते. पण आक्का तिला दिवसभर जो प्रश्न विचारायची, तो तिनं आक्काला कधी विचारला नव्हता. आज विचारला.

“आधार?”

आक्कानं यादी वाचायला सुरुवात केली. परदेशातले दोन अभ्यास, पुण्यातला एक, आणि मग तालुक्यातल्या सातव्या रकान्याच्या नोंदी. चौथं नाव ऐकून सुवर्णा ताठ झाली. “सुवर्णा होनमाने, आरगडवाडी उपकेंद्र. तीन नोंदी.”

तीन. एक प्रतीक्षा. दुसरी दोन वर्षांपूर्वीची दीपाली तांबवे, जिचं मूल आता घरभर धावत होतं. तिसरी एक नवी नवरी, जिनं गर्भ पाडून घेतला होता आणि नंतर कित्येक दिवस सुवर्णाला बघून वाट बदलत होती. दर वेळी सुवर्णानं आक्काला विचारलं होतं, आक्कानं सांगितलं होतं की तांदूळ निकामी होत नाही, म्हणून तिनं सातवा भरला होता. आणि आक्का तसं सांगत होती, कारण सगळ्याजणी सातवा भरत होत्या. सुवर्णाला शाळेतल्या दोन ढ पोरींची आठवण झाली, परीक्षेला एकमेकींच्या पेपरात बघून तेच चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या. त्यातली एक आपण, हे तिला फार लागलं.

गुरुवारी मासिक बैठक होती. चिंचणखोऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा चौदा उपकेंद्रांच्या सिस्टर जमायच्या. सकाळी आकडेवारी, लक्ष्य, पुढच्या महिन्याच्या मोहिमेची घोषणा. या वेळी मोहीम होती तांदळाचीच. एप्रिलमध्ये बागायत पट्ट्यातल्या वीस हजार बायकांना तो बसवायचा होता. टाळ्या झाल्या. पण त्या बैठकीतलं खरं ज्ञान मिळायचं दुपारी, केंद्रामागच्या लिंबाखाली डबे उघडल्यावर. कोणती गोळी कुणाला मानवत नाही, कोणत्या वाडीतली सासू सुनेच्या गोळ्या लपवते, हे सगळं तिथं भाकरीबरोबर वाटलं जायचं. त्यातलं अक्षरही आक्काच्या कानावर जात नसे.

सुवर्णानं डबा उघडलाच नाही. “मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “तांदूळ असताना दिवस गेलेल्या किती जणी आहेत तुमच्याकडे? फॉर्मवरचं नको. खरं सांगा.”

मग शकिला नदाफ, सगळ्यांत जुनी सिस्टर, ठेच्याचं बोट चाटत म्हणाली, “चार.”

“माझ्याकडे दोन,” दुसरी म्हणाली.

“तीन. एकीला तर नवऱ्यानं माहेरी नेऊन सोडलं.”

सुवर्णा एकेक आकडा वहीत लिहीत गेली. बेरीज सव्वीस झाली. गंमत म्हणजे पाच सिस्टरकडे एकही नव्हती. त्यांच्या वाड्या वरच्या माळावरच्या, सगळी डाळिंबं आणि मेंढरं. सव्वीसच्या सव्वीस खालच्या द्राक्षपट्ट्यातल्या.

“माझ्या चारही जणी घड बुडवणाऱ्या आहेत,” शकिला सावकाश म्हणाली. “निळ्या बोटांच्या.”

हे ऐकल्यावर बाकीच्यांनीही आपापल्या बायकांची बोटं आठवली. तीन वर्षांपूर्वी द्राक्षांवर भुरी रोगासाठी नवा डोस आला होता. फळात अंश राहत नाही म्हणून बागाईतदार त्याच्यावर खूश. बायका दिवसभर एकेक घड त्या पाण्यात बुडवून काढायच्या. कोपरापर्यंत हात ओले, बोटांना निळा रंग, आणि तो आठ-आठ दिवस जायचा नाही.

केंद्राचे डॉक्टर इम्रान मुल्ला वयानं लहान, पण ऐकून घेणारा माणूस. सुवर्णानं वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली.

“सिस्टर, टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला आपण तांदूळ बसवत नाही. का बरं?”

“नियम आहे.”

“नियम का आहे ते सांगतो. आपलं लिव्हर रक्तातलं प्रत्येक औषध मोडून बाहेर टाकत असतं. त्यासाठी तिथं एन्झाइम असतात, मजूरच समजा. आता टीबीचं एक औषध असं आहे की ते आलं की लिव्हरला वाटतं, काम वाढलंय, आणि ते मजूर दुप्पट-तिप्पट भरती करतं. मग हे जादा मजूर फक्त टीबीचं औषध मोडून थांबत नाहीत. तांदळातून आलेलं हार्मोनही फस्त करतात. कांडी आपलं काम चोख करत असते, पण रक्तात काही उरतच नाही. गर्भ राहायला वाट मोकळी.”

“म्हणजे निळा डोस पण...”

“बुरशी मारणारी बरीच औषधं लिव्हरला असंच डिवचतात. थोडं कातडीतून गेलं, तर कदाचित काही नाही. पण रोज आठ तास, महिना महिना?” डॉक्टरांनी वही मिटली. “शंका रास्त आहे. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्या बाईच्या दंडातला तांदूळ अजून शाबूत असेल आणि ती अजून बागेत जात असेल, तर तिचं रक्त तपासता येईल. हार्मोन किती उरलंय ते कळेल.”

अशी बाई कोण, हे सुवर्णाला विचार करायला लागलं नाही.

संध्याकाळी ती कोळेकरांच्या सोप्यात जाऊन बसली. छायाबाईनं पाणी आणून ठेवलं आणि आत निघून गेली. सुवर्णानं लिव्हरची सगळी कथा प्रतीक्षाला सांगितली आणि शेवटी, जरा घाबरतच, रक्ताचं काढलं.

“म्हणजे परत माझीच झडती?”

“तुझी नव्हे. तांदळाची.”

प्रतीक्षानं आपल्या निळ्या बोटांकडे बघितलं. मग तिनं हात पुढे केला. “घ्या. त्याची घ्या झडती. माझी कुणाला घेऊ देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडा आला. पाहिजे होतं त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा हार्मोन रक्तात होतं. कांडी पूर्ण शाबूत. सुवर्णानं आनंदानं आक्काला आकडा सांगितला.

“नोंद झाली,” आक्का म्हणाली. “ही आजची पातळी आहे. ऑक्टोबरमधली पातळी यावरून सिद्ध होत नाही. तालुक्यात साधन निकामी झाल्याच्या घटना शून्य. आधीची नोंद योग्य असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के.”

सत्त्याण्णवाचे ब्याण्णव झाले होते. एवढ्यानं कुठल्या नवऱ्याचं समाधान होणार होतं?

“आणि ही नोंद मी सातव्यातून सहाव्यात नेली तर?”

“एक घटना अपवाद मानली जाईल. तीन किंवा अधिक घटना एका ठिकाणी आढळल्यास कारणाचा शोध सुरू होतो. मात्र सातव्याचा सहावा करणं म्हणजे आधीची नोंद चुकीची होती, हे आपण मान्य करणं. तीन चुकीच्या नोंदींवर चौकशी आणि निलंबन.”

सगळं लख्ख झालं. नुसती प्रतीक्षाची नोंद सुधारली तर सुवर्णाला फार तर शेरा बसणार होता, पण किटाळ जागच्या जागी राहणार होतं. ते पुसायचं तर तिन्ही सुधारायला हव्या होत्या, आणि मग नोकरीवर पाणी. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नवरा तालमीतल्या जुन्या दुखण्यानं घरी बसलेला. सुवर्णानं त्या दुपारी स्वतःशी पुष्कळ हुज्जत घातली. वाट बघू, डॉक्टर वर लिहितीलच, समिती बसेल, वर्षभरात निकाल लागेल. पण वर्षभरात प्रतीक्षाचं मूल रांगायला लागणार होतं, तेही कुणाच्या घरात कोण जाणे. आणि एप्रिलमध्ये वीस हजार दंड पुढे येणार होते.

ती आधी दीपालीच्या घरी गेली. दीपाली तांबवे अंगणात पोराला आंघोळ घालत होती. सुवर्णानं आडपडदा न ठेवता सांगितलं. “दोन वर्षांपूर्वी तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटी ठरवली. चुकलं माझं.”

दीपाली साबणाचे हात तसेच ठेवून म्हणाली, “तुम्ही तेव्हा मला काय म्हणालात, आठवतंय? ‘आधी नीट सांगायचं होतंस, माझी नोकरी घालवशील.’”

“आठवतंय. आता ती माझी मीच घालवणार आहे.”

“मग घालवा,” दीपाली म्हणाली. थोड्या वेळानं तिनं चहाला थांबायला सांगितलं. तिसरीला सुवर्णानं फोन केला. ती नुसतं “बरं” म्हणाली, पण फोन लगेच ठेवला नाही.

तोवर सूरज कोळेकर गावात येऊन दाखल झाला होता. आईनंच बोलावून घेतलं होतं, काय तो सोक्षमोक्ष लावायला. शनिवारी सकाळी सुवर्णानं तिघांनाही उपकेंद्रात बोलावलं. सूरज भिंतीला टेकून उभा राहिला. उंच, डोळ्यांखाली काळं, भट्टीच्या डागांनी हात चट्ट्यापट्ट्यांचे. प्रतीक्षा स्टुलावर बसली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

“आक्का,” सुवर्णा म्हणाली, “तीन नोंदी सुधारायच्यात. नावं घेणार नाही, क्रमांक सांगते.”

पहिला क्रमांक, प्रतीक्षाचा. सातव्यातून सहाव्यात. आक्का म्हणाली, “आधार?” सुवर्णा म्हणाली, “रक्ताची तपासणी, आणि मी न तपासता खूण केली होती हा माझा कबुलीजबाब.” दुसरा क्रमांक. तिथं आधार नुसताच कबुलीजबाब. छायाबाईला आकडे कळत नव्हते, पण सिस्टर आपली चूक स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय, ते कळत होतं.

“तिसऱ्या दुरुस्तीनंतर आपली सेवा आजपासून थांबवली जाईल,” आक्का म्हणाली. “पुढे जायचं?”

“चला पुढं. एवढं आलेय तर आता मागं कशाला?”

तिसरी नोंद सरकली. पडदा काही क्षण नुसताच उजळ राहिला.

“आरगडवाडीतल्या तीन घटना अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आहेत,” आक्का म्हणाली. “कारणाचा शोध सुरू. अशा आणखी नोंदी असल्यास सुधाराव्यात, असं तालुक्यातल्या उपकेंद्रांना कळवत आहे.”

सुवर्णानं हुश्श केलं. शुक्रवारी रात्री तिनं एकेकीला फोन करून आपला बेत सांगितला होता. तेव्हा कुणी होय म्हटलं नव्हतं नि कुणी नाही. प्रत्येकीला घरदार होतं. ती कुणाकडून काही अपेक्षा धरून बसली नव्हती.

पाच-सात मिनिटं गेली असतील.

“चिंचणखोरे, शकिला नदाफ,” आक्का म्हणाली. “चार दुरुस्त्या.”

सुवर्णानं पटकन तोंडावर हात घेतला. मग दुसरं उपकेंद्र. दोन दुरुस्त्या. तिसरं, तीन. आक्का एका सुरात नावं वाचत होती आणि सुवर्णा, जिला चार वाड्यांनी कधी रडताना बघितलं नव्हतं, ती सगळ्यांदेखत घळाघळा रडत होती. तासाभरात सव्वीसच्या सव्वीस आल्या. आक्कानं त्या गावांवरून, कामांवरून, महिन्यांवरून ताडून बघितल्या. मग सुवर्णानं पदरानं डोळे पुसले आणि मंगळवारचाच प्रश्न पुन्हा विचारला. तांदूळ निकामी होतो का?

“होतो,” आक्का म्हणाली. “निळ्या डोसाच्या सतत संपर्कातल्या स्त्रियांमध्ये तो निकामी होत असल्याचा सबळ संशय आहे. पहिल्या नोंदीत गर्भधारणा साधन बसवल्यानंतरची असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. बागायत पट्ट्यातली मोहीम थांबवण्याची शिफारस पाठवली आहे. या स्त्रियांना तांबी सुचवावी. तिच्यात हार्मोन नसतं.”

छायाबाई सुनेच्या स्टुलाशेजारी येऊन उभी राहिली. सूरज भिंतीपासून पुढे आला. “चल,” तो बायकोला म्हणाला. “घरी चल. माझं चुकलं.”

प्रतीक्षा उठली नाही. “एक सांग मला. आज हे यंत्र बोललं म्हणून तुला पटलं. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते, तुझ्या फोनवर सतरा निरोप ठेवले. तेव्हा का नाही पटलं?”

सूरजनं खिशातला फोन काढला आणि तसाच परत ठेवला.

“मी आईकडे जातेय,” ती म्हणाली. “मूल ठेवणार आहे, ते माझं मी ठरवलंय. तुला उत्तर सापडलं की ये न्यायला.”

सुवर्णा पन्नास दिवस घरी बसली. चौकशी समितीनं तिच्यावर ताशेरे ओढले, एक पगारवाढ रोखली, आणि तिला कामावर परत घेतलं. चौदा उपकेंद्रांतल्या निम्म्या सिस्टर एकदम निलंबित केल्या तर लसीकरण कोण करणार, हा प्रश्न समितीलाही पडला असावा. पण जाता जाता समितीच्या अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, “फॉर्ममध्ये काय बदलायला हवं, असं तुम्हाला वाटतं?” सुवर्णाला वाटलं, विचारायचं म्हणून विचारतायत. तरी तिनं सांगून टाकलं.

मेच्या पहिल्या मंगळवारी तिनं उपकेंद्राचं कुलूप काढलं तेव्हा बाहेर प्रतीक्षा पहिल्याच नंबरला बसली होती. सातवा महिना, चेहऱ्यावर तेज, बोटं स्वच्छ. शेजारी सूरज तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्रिचूरची गाडी त्यानं तीनदा रद्द केली होती म्हणे. सासरवाडीच्या सोप्यात महिनाभर मुक्काम ठोकून होता. उत्तर सापडलं होतं का, ते दोघांनाच ठाऊक. पण प्रतीक्षानं पाण्याची बाटली मागितली तेव्हा त्यानं आधी झाकण उघडून मग दिली.

सुवर्णानं तिचं वजन घेतलं, रक्तदाब घेतला, बाळाचे ठोके ऐकवले. मग फॉर्म उघडला. सातव्या रकान्याखाली आता एक नवा रकाना होता. राज्यभरच्या फॉर्मवर तो त्याच आठवड्यात आला होता. ‘स्त्रीचं स्वतःचं म्हणणं.’

“हे काय नवीन?” प्रतीक्षानं मान वाकडी करून वाचलं.

“तू जे सांगशील ते, तुझ्याच शब्दांत. मला त्यात एक अक्षर बदलता येत नाही.”

“काहीही सांगू?”

“काहीही.”

प्रतीक्षानं बाहेर बाकाकडे एकदा बघितलं. मग पडद्याकडे तोंड करून, शाळेत कविता म्हणावी तसं स्पष्ट म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.”

शब्द जसेच्या तसे उमटले.

“आधार?” आक्कानं विचारलं.

“ती स्वतः,” सुवर्णा म्हणाली. आक्का गप्प बसली आणि नोंद झाली. मग सुवर्णानं दाराकडे बघून पुढच्या बाईला आत बोलावलं.